लष्कराचे जुने ट्रक : लिलावांत बोली करण्यापूर्वीं

कपाशीचा पैसा हातीं आला, कीं स्वतःची मालगाडी घ्यावी असा विचार पुष्कळांच्या मनांत येतो. आमच्या वर्धा जिल्ह्यांत पुलगांव येथें दारूगोळ्याचें मोठें लष्करी कोठार असल्यामुळें हिरवे ट्रक नित्य दृष्टीस पडतात, व ते सरकारी लिलावांत स्वस्त मिळतात ही वार्ताही गांवोगांव फिरते. या व्यवहारांत लाभ किती व धोका किती, याचा विचार येथें करूं.

ही विक्री नवी नाहीं. दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपल्यावर उरलेल्या लष्करी मोटारी सरकारनें विकावयास काढल्या, व त्यांतील कित्येक मालवाहतुकीस लागल्या. १९५९ पासून जबलपूर येथें शक्तिमान ट्रक, व पुढें जोंगा गाडी तयार होऊं लागली. जुन्या झाल्यावर त्याही लिलावांत आल्या. या दोहोंचें उत्पादन आतां बंद आहे; तेव्हां अशा गाडीचे सुटे भाग कोठें मिळतील, याची चौकशी बोलीपूर्वींच करावी.

हल्लीं असे बहुतेक लिलाव एम्. एस्. टी. सी. या सरकारी कंपनीमार्फत संगणकावर होतात. प्रथम नांव नोंदवून बयाणा भरावा लागतो. विक्रीची मुख्य अट ‘माल जसा आहे व जेथें आहे तसा’ ही होय. म्हणजे सरकार कसलीही हमी देत नाहीं, व मागाहून केलेली तक्रार चालत नाहीं. यास्तव जाहिरातींत दिलेल्या पाहणीच्या दिवशीं जाणता मिस्त्री बरोबर न्यावा. चासीला तडा आहे काय, इंजिनाचे व गिअरपेटीचे सर्व भाग जागेवर आहेत काय, हें पाहावें. गाडी थोडी धावली आहे एवढ्यावर भुलूं नये. वर्षानुवर्षें उभ्या गाडीचें रबर कुजतें व टाकी गंजते. ठरलेल्या मुदतींत रक्कम न भरल्यास बयाणा जातो, आणि मुदतींत गाडी न उचलल्यास जागेचें भाडें चढतें.

महसुली दप्तर चाळण्यांत आमचें आयुष्य गेलें, म्हणून कागदांविषयीं आग्रहानें लिहितों. सात-बारा न पाहतां शेत घेणारा व कागद न पाहतां ट्रक घेणारा, दोघेही सारखेच. लष्करी गाडीची नोंद निराळी असते. ती सरकारी मालकींतून सुटली, कीं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० प्रमाणें तिची साधी नोंदणी करून घ्यावी लागते. विक्रीपत्रांतील चासी व इंजिन यांचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशीं जुळलेच पाहिजेत. इंजिन बदलावयाचें असल्यास परिवहन कार्यालयाची मंजुरी आधीं घ्यावी. मोठ्या ट्रकास योग्यतेचा दाखला व परवाना हींही लागतात. घरचाच माल वाहतों, ही सबब चालत नाहीं.

सर्वांत महत्त्वाचा नियम १ एप्रिल २०२३ पासूनचा आहे. पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनाची नोंदणी आतां नवी करून मिळत नाहीं. तें नोंदणीकृत मोडणी-केंद्राकडे जावें असा नियम आहे. देशरक्षणाच्या कामगिरीवरील चिलखती व तत्सम खास वाहनें यांतून वगळलीं आहेत. म्हणून गाडी भंगार म्हणून विकली जात आहे कीं चालविण्यासाठीं, हें जाहिरातींत नीट वाचावें. भंगार घेऊन ती रस्त्यावर आणण्याची आशा धरणें म्हणजे पैसा विहिरींत टाकणें होय.

आतां हिशेब पाहूं. अंक केवळ उदाहरणाचे आहेत. समजा, बोली ३ लाख, कर व ओढून आणणें १ लाख, दुरुस्ती व टायर २ लाख, मिळून ६ लाख रुपये झाले. गाडी पांच वर्षें चालली तर दरसाल १,२०,००० रुपये पडतात. वर्षांत साठ दिवस काम मिळालें तर दिवसास २,००० रुपये. डिझेल, चालक व विमा वेगळे. भाड्याच्या गाडीचा दर याच्याशीं ताडून पाहावा.

चारही चाकांना जोर असलेली गाडी काळ्या मातींत कामास येते हें खरें. परंतु कापूस हिंगणघाटच्या बाजारांत जातो तो हिवाळ्यांत, वाटा कोरड्या असतां. चिखलाच्या दिवसांत वाहण्यास माल थोडा असतो.

तात्पर्य, वर्षांतून निदान दोनशें दिवस काम असेल, मिस्त्री जवळ असेल व नोंदणीची खात्री परिवहन कार्यालयांतून झाली असेल, तरच बोली करावी. आंकडा घरींच ठरवून कागदावर लिहावा व त्यापुढें एक रुपयाही चढूं नये. कर्ज काढून किंवा शेत गहाण टाकून तर ही खरेदी मुळींच करूं नये.