आज्याचा माग काढताना

पोरी, वंशावळ काढायला निघालीस ते बरं केलंस. पण तहसीलच्या खिडकीशी जाण्याआधी मोठ्या आत्याच्या ओट्यावर जाऊन बस. आम्हा पुरुषांची गाडी आज्या-पणज्यापाशी थांबते. कोण कुठल्या पाड्यावर दिली, कोण घरजावई राहिला, हे बायाच सांगतात. भावंडांचा क्रम तिच्याकडून लिहून घे, तो पुढे लागेल.

आडनावावर भिस्त ठेवू नकोस. गुरुजींनी एका भावाचं पाडवी लावलं, दुसऱ्याचं नुसतं भिल, तिसऱ्यापुढे बापाचंच नाव. जन्मतारखेचंही तेच, अर्धं गाव १ जूनला जन्मलेलं! शाळेत दाखला मागण्यावर थांबू नकोस, जनरल रजिस्टरचा उतारा माग. ६ सप्टेंबर १९५० च्या आधीची नोंद सापडली तर जात पडताळणीत तिचं वजन वेगळंच. आजा शाळेत गेला नसेल तर चुलत आजा गेला असेल, त्याचं नाव बघ.

मग कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. तिथे बाळाचं नाव बहुधा नसतंच. बापाचं नाव, जात, आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी', एवढंच. आत्याचा क्रम इथे लावून बघ. पान मोडी लिपीत निघालं तर जाणकार गाठ, अंदाजाने वाचू नकोस.

नंदुरबारला नाही म्हणाले तर धुळ्याची एसटी पकड. १ जुलै १९९८ पर्यंत आपण धुळे जिल्ह्यातच होतो, त्याही आधी पश्चिम खानदेशात. मणिबेलीसारखी गावं सरदार सरोवरात गेली, पण जुन्या कागदात ती जुन्याच नावाने आहेत. पुनर्वसनाच्या वसाहतीच्या नावाने शोधशील तर हाती काही लागायचं नाही.

कागदात नाव न सापडण्याची ही अडचण आपलीच नाही. मागे जाताना अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं घोडं १८७० च्या जनगणनेपाशी अडतं. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत नाव मालकाचं, गुलामाचं बहुतेक नुसतं वय, लिंग, रंग. म्हणून ते मालकाची मृत्युपत्रं, खरेदीखतं, हिशेबाच्या वह्या चाळतात. तुझा पणजा गुलाम नव्हता, पण सालदार होता. ज्यांच्याकडे सालाने राहिला त्यांच्या माळ्यावर चोपड्या असतील तर विचार. मागायला जड जाईल, तरी माग. उचल कुणाच्या नावावर मांडली ते बघच, पण जामीन कोण राहिला ते आधी बघ. तो भाऊ नाहीतर मेहुणा असायचा. आणि फोटो काढताना चोपडीच्या पहिल्या पानाचाही काढ, साल तिथेच लिहिलेलं असतं.