आक्काचे केंद्र बंद होणार काय?

आमची थोरली बहीण आक्का आता ऐंशी वर्षांची आहे. दिवस कलला की ती दारात जाऊन उभी राहते. "गुरं आली का रं?" असे विचारते. गोठा रिकामा होऊन वीस वर्षे झाली. ते तिला आठवत नाही. पण लहानपणी आम्हाला ताप आला, तेव्हा कोणत्या गावचा वैद्य आणला, हे ती बरोबर सांगते.

आधी आम्हीही म्हणालो, म्हातारपण आहे, चालायचेच. शेजारी म्हणाले, बाहेरची बाधा असेल, उतारा टाका. एकजण तर तोंडावर म्हणाला, "गुरुजी, म्हातारीला वेड लागलं." तिन्ही गोष्टी खोट्या. हा मेंदूचा आजार आहे. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात. मराठीत स्मृतिभ्रंश म्हणतात. त्याचे प्रकार पुष्कळ. त्यांतल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराची हकिकत आल्झायमर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली मांडली. या आजारात मेंदूचा भाग हळूहळू झिजत जातो. बहुधा आजची गोष्ट आधी जाते, जुनी मागे राहते. पाटीवरचे पुसले जाते, दगडावर कोरलेले राहते, तसेच हे.

डॉक्टरांना मात्र दाखवावेच. थायरॉइडचा बिघाड, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची उदासी, एखादे चालू औषध, यांनीही विसर पडतो, आणि तो उपचाराने सुधारू शकतो. आक्काचे तसे निघाले नाही. हा आजार मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. मग उरतो तो सांभाळ.

सांभाळ म्हणजे काय, हे ज्याच्या घरी असे माणूस आहे त्यालाच ठाऊक. एका रात्री आक्का उठली आणि विहिरीकडे चालू लागली. तेव्हापासून आमच्या सूनबाई उंबऱ्याला आडव्या निजतात. शेजारच्या बाईंची गोष्ट याहून अवघड. त्यांच्या सासऱ्यांना हाच आजार. बाई शेतावर रोजाने जातात. म्हाताऱ्याला घरात कोंडून जावे तर जीव राहत नाही, आणि घरी बसावे तर चूल पेटत नाही.

अशा वेळी पलीकडच्या गावी, पंचायतीच्या जुन्या इमारतीत, एका संस्थेने केंद्र काढले. तीन खोल्या आणि एक पडवी. सकाळी माणसे आणून सोडायची, संध्याकाळी न्यायची. तिथे आक्काला शेंगा फोडायला देतात, वाती वळायला देतात. हात जुने काम विसरलेले नाहीत. मोरीच्या दारावर तांब्याचे मोठे चित्र काढले आहे, म्हणजे वाचता न येणारालाही दार सापडते. "गुरं आली का?" असे आक्काने विचारले, तर तिथल्या बाई "नाहीत" म्हणून वाद घालत नाहीत. "तुमची गाय कोणत्या रंगाची होती?" असे विचारतात. आक्का सांगत बसते आणि शांत होते. ही युक्ती आम्ही चाळीस वर्षे शिकवूनही शिकलो नव्हतो!

आता बाजारात बोलवा उठली आहे की केंद्र बंद होणार. कोणी म्हणतो अनुदान आले नाही. कोणी म्हणतो शिकलेल्या बाई पगार थकल्यामुळे सोडून चालल्या. संस्थेवर नुसते रागावणे बरोबर नाही. शिकलेले माणूस नसताना असे केंद्र उघडे ठेवणे धोक्याचेच. आणि आपणही चुकलो. महिन्याची लहानशी वर्गणी देताना आपण कुरकुरलो. काहींनी लाजेने घरचे आजारी माणूस लपवले. मग हजेरीपटावर नावे थोडी दिसतात, आणि वरचे साहेब म्हणतात, गरजच कुठे आहे?

गरज आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीचा अंदाज असा, की भारतात साठीच्या पुढच्या दर शंभर माणसांत सातांहून अधिकांना हा आजार आहे. एकूण सुमारे ८८ लाख माणसे. शहरात शंभरांत पाच, तर खेड्यात आठ. आजार खेड्यात जास्त, आणि सोयी पाहाव्यात तर बहुतेक शहरांत.

"जिल्ह्याच्या गावी न्या," असे एकाने सुचवले. ते गाव एस.टी.ने अडीच तासांवर. पण अंतरापेक्षा मोठी अडचण दुसरी आहे. या आजारात नवी जागा, नवे चेहरे माणसाला घाबरवतात. तुम्हा-आम्हाला चार दिवसांत नव्या घराची सवय होते. आक्काला ते घर रोज सकाळी नवेच वाटेल. म्हणून केंद्र हलवायचेच असेल, तर ते एका दिवसात हलवू नये. ओळखीच्या बाई काही दिवस सोबत असाव्यात. तिची सतरंजी, तिचा पितळी पेला बरोबर जावा.

आधी खरे काय ते कळले पाहिजे. त्यासाठी २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. शेजारच्या बाईंनी आपल्याच रात्रीच्या वर्गात अक्षरे गिरवली. अर्ज त्यांनीच लिहिला. आम्ही फक्त जवळ बसलो. जन माहिती अधिकारी, जिल्हा परिषद, यांच्या नावे त्यांनी लिहिले: "पंचायतीच्या इमारतीतील वृद्ध केंद्रास गेल्या तीन वर्षांत मंजूर झालेले अनुदान, दिलेली रक्कम व तारीख यांची माहिती मिळावी. केंद्र बंद करण्याचा आदेश झाला असल्यास त्याची प्रत मिळावी." वर १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला दाखला जोडल्यास ही फीही माफ असते. एका अर्जात एकच विषय लिहावा, दीडशे शब्दांच्या आत. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. न आले, तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. पोच घ्यायला विसरू नये. बाईंनी ती घडी करून रेशनकार्डात ठेवली आहे.

आज अर्जाचा अकरावा दिवस. येत्या ग्रामसभेत विषय घ्यावा म्हणून सरपंचांना चिठ्ठी दिली आहे, आणि वर्गणी वाढवून द्यायला सात घरे तयार झाली आहेत. आक्काला यातले काही सांगितलेले नाही. ती सकाळीच पिशवी घेऊन ओट्यावर बसली आहे, आणि गाडी का येत नाही म्हणून तिसऱ्यांदा विचारते आहे.