रात्रपाळीचा हिशेब उणे का येतो?

प्रश्न : आमच्या औषधांच्या दुकानात सकाळी ७ ते ३, दुपारी १ ते ९ आणि रात्री ९ ते ७ अशा पाळ्या आहेत. एक्सेलमध्ये रात्रपाळीचे तास काढले की नुसते #### दिसते. कोणत्या वेळी किती माणसे हजर, हेही कळत नाही. एक्सेलला हे जमत नाही का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जमते, आणि तुमची फाइलही बिघडलेली नाही. एक्सेल वेळेला दिवसाचा अपूर्णांक मानते. सकाळचे ६ म्हणजे ०.२५. सकाळच्या ७ मधून रात्रीचे ९ वजा केले की उत्तर उणे येते, म्हणून ####. ती वजाबाकी ‘मॉड’ सूत्रात घालून भाजक १ द्या. बरोबर १० तास मिळतील.

कोणती पाळी कधी चालते हे आलेखात पाहायचे असेल, तर ‘स्टॅक्ड बार’ निवडा. पहिली मालिका सुरुवातीची वेळ, दुसरी कामाचे तास. पहिलीला ‘नो फिल’ द्या. उरलेल्या पट्ट्या म्हणजे पाळ्या.

माणसे मोजायला अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा मांडून ‘काउंटइफ्स’ वापरा. अट अशी : सुरुवात त्या वेळेला किंवा आधी, शेवट त्यानंतर. इथे मात्र रात्रपाळी दोन ओळींत तोडा : २१:०० ते २४:०० आणि ०:०० ते ७:००. नाहीतर ती मोजलीच जाणार नाही.

दुपारी १ ते ३ आकडा वाढलेला दिसेल. ती चूक नव्हे. तेव्हा दोन पाळ्या खरोखरच एकत्र असतात.