विञ्ञाण : देह, मेंदू आणि ‘मी’

२५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथील विहारात परमपूज्य बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. सामान्य माणसाला धम्म समजेल असा ग्रंथ आपण लिहीत आहोत, हे त्यांनी तेथेच सांगितले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा तो ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. आत्मा नाही, तर मग जाणीव कोठून येते, या प्रश्नाला त्यात बगल दिलेली नाही.

पाली भाषेत जाणिवेला ‘विञ्ञाण’ म्हणतात. (आमचे विद्यार्थी प्रथम त्याचा अर्थ ‘सायन्स’ असा घेतात, आम्हाला त्याचे फारसे वाईट वाटत नाही.) जेथे देह तेथे विञ्ञाण, हे सांगताना बाबासाहेबांनी विद्युतक्षेत्र आणि त्याच्या सोबतचे चुंबकीय क्षेत्र यांची उपमा दिली. काटेकोरपणे पाहता विद्युतप्रवाह वाहतो किंवा विद्युतक्षेत्र बदलते, तेव्हाच चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. पण त्यामुळे उपमा अधिकच बळकट होते. भोसरी-चाकण पट्ट्यात मोटार वाइंडिंग करणाऱ्या आपल्या बांधवांना हे हातांनी ठाऊक आहे. तांब्याच्या वेटोळ्यांतून प्रवाह वाहतो तोवर चुंबकत्व असते, प्रवाह तुटला की ते नाहीसे होते. ते निघून कोठे गेले, असे कोणी विचारत नाही.

मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांतील एकाही पेशीला ‘मी’ ठाऊक नाही. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देतात तेव्हा पेशी जिवंतच राहतात. त्यांचा परस्परसंवाद विस्कळीत होतो आणि जाणीव मावळते. ‘मी’देखील जन्मतः तयार नसतो. बाळाच्या नाकावर नकळत ठिपका लावून त्याला आरशासमोर बसवले, तर साधारण दीड-दोन वर्षांच्या वयात ते स्वतःच्या नाकाला हात लावू लागते, त्याआधी नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात भन्ते नागसेनांनी राजा मिलिंदाला विचारले होते, आस म्हणजे रथ काय? चाक म्हणजे रथ काय? चाकणच्या असेंब्ली लाइनवर उभे राहून आपणही विचारावे, सुट्या भागांत ‘गाडी’ नेमकी कोणत्या टप्प्यावर शिरली?

पेशींच्या विद्युत-रासायनिक क्रियेतून दुःखाची प्रत्यक्ष अनुभूती कशी उमटते, याचे पूर्ण उत्तर मेंदूविज्ञानाजवळ अद्याप नाही. ते मान्य करण्यात कमीपणा नाही. त्या रिकाम्या जागी अमर आत्मा बसवला गेला, आणि त्याच्या पूर्वजन्मीच्या कर्माचा हिशेब म्हणून आपल्या पूर्वजांच्या माथी जात मारण्यात आली, हा मात्र इतिहास आहे.

तोच हिशेब आज वेगळ्या शब्दांत ऐकू येतो. ‘याच्या डोक्यातच नाही, सर,’ असे पालक हताशपणे म्हणतात. गर्भावस्थेत आणि बालपणी आयोडीन व लोह कमी पडले, तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो; झोप अपुरी राहिली तर शिकलेले मनात टिकत नाही. एका खोलीच्या घरात आई-वडील वेगवेगळ्या पाळ्यांत कामाला जात असतील, तर मुलाची झोप रात्रीतून किती वेळा मोडत असेल! वसतिगृहात वेळेवर दिवे मालवण्याचा आणि ताटातील पालेभाजी टाकू न देण्याचा आमचा हट्ट पुष्कळ माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. त्याचे कारण त्या वयात आम्ही त्यांना सांगितले नव्हते, ते हे.