भाईजानचे पत्र

(पुण्याजवळ खडकवासला येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्ही दलांचे भावी अधिकारी तेथे तीन वर्षे एकत्र शिक्षण घेतात. पनवेल तालुक्यातील उलवे येथील एक मुलगा तेथे दाखल झाला आहे, अशी कल्पना करून हे पत्र लिहिले आहे.)

खडकवासला, पुणे
५ सप्टेंबर

प्रिय छोटी,
खूप खूप दुआ.

तुझे पत्र मिळाले. अम्मीची तब्येत आता बरी आहे, हे वाचून जिवात जीव आला. ‘भाईजान, तिथले सगळे खरे खरे लिहा,’ असे तू म्हटले आहेस. म्हणून गोड आणि कडू दोन्ही लिहितो.

इथे पहाटे, उजाडण्यापूर्वीच उठावे लागते. घरी अम्मी तीनदा हाक मारायची, तरी मी कूस बदलायचो. इथे तीनदा हाक मारणारे कोणी नाही. खोली आवरणे, बूट चमकवणे, गणवेश नीट घालणे, सारे आपले आपणच करायचे. मग कवायत किंवा व्यायाम, न्याहारी आणि त्यानंतर कॉलेजसारखे वर्ग. संध्याकाळी खेळ आणि रात्री अभ्यास. एका ठिकाणाहून दुसरीकडे जायचे तेही रांगेत, सायकलवरून किंवा धावत. आम्हा नव्या मुलांना रमतगमत चालण्याची सवलत नाही!

तिसरा आठवडा मला फार जड गेला. पायांना फोड आले होते. रात्री डोळे मिटले, की खारकोपर स्टेशनवर उतरून घराकडे चाललो आहे, असे वाटे. ‘सगळे सोडून परत जावे,’ असेही मनात आले. शेजारच्या खोलीत बिहारमधल्या एका खेड्यातला मुलगा राहतो. तो म्हणाला, ‘तीन वर्षांचा विचार करू नकोस. आज फक्त आजचा दिवस काढू.’ त्याचे म्हणणे मला पटले. तेव्हापासून मी एकेक दिवस मोजतो. हळूहळू सारे अंगवळणी पडत आहे. तो नदीकाठी वाढलेला, मी खाडीकाठी. पण पोहता येते त्याला, मला नाही! इथे पोहणे तर शिकावेच लागते. तो मला धीर देतो आणि मी त्याला गणित समजावतो.

आमचे भोजनगृह खूप मोठे आहे. सगळे एकत्र जेवतात. माझ्या एका बाजूला मणिपूरचा मुलगा बसतो, दुसऱ्या बाजूला केरळचा. मित्रदेशांतून आलेली मुलेही आहेत. भाषा वेगवेगळ्या, पण ताट एकच.

तुला एक गंमत सांगतो. कवायत शिकवणाऱ्यांना इथे सगळे ‘उस्ताद’ म्हणतात. आपल्या उर्दूतला शब्द ऐकून मला पहिल्याच दिवशी बरे वाटले. फौज, शिपाई, हवालदार, कवायत हे शब्द मराठीतही आहेत आणि उर्दूतही. शब्दांना सरहद्द नसते, हे इथे कळले.

इथल्या मोठ्या सभागृहाचे नाव ‘हबीबुल्ला हॉल’ आहे. प्रबोधिनी डेहराडूनहून खडकवासल्याला आली, तेव्हा मेजर जनरल इनायत हबीबुल्ला तिचे प्रमुख होते. मुख्य इमारतीला ‘सुदान ब्लॉक’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिक सुदानच्या रक्षणासाठी लढले. त्यांच्या स्मरणार्थ सुदानने एक लाख पौंड दिले होते. फाळणीनंतर त्यांपैकी ७०,००० पौंड भारताच्या वाट्याला आले. पं. नेहरूंनी ६ ऑक्टोबर १९४९ रोजी प्रबोधिनीची कोनशिला बसवली. इथून सिंहगड दिसतो. थकवा आला, की मी त्या गडाकडे पाहतो.

आता तुझा प्रश्न. ‘मला हे जमेल का?’ असे तू विचारलेस. नानी म्हणते, हे मुलींचे काम नव्हे. छोटी, नानीला उलट बोलू नकोस, फक्त एवढे सांग. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२१ मध्ये मुलींना ही परीक्षा पहिल्यांदा देता आली. २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी इथे आली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. त्याही मुलांबरोबर याच मैदानावर धावल्या.

पण हे सोपे आहे, असे मी म्हणणार नाही. बारावीला पोचल्यावर लेखी परीक्षा, मग पाच दिवसांची मुलाखत आणि शेवटी वैद्यकीय तपासणी असते. या तयारीसाठी राज्य शासनाची मुलांची संस्था छत्रपती संभाजीनगरला आहे आणि मुलींची नाशिकला. तिथे दहावीनंतर प्रवेश मिळतो. तेव्हा आजपासून रोज धावत जा, गणित पक्के कर आणि वर्तमानपत्र वाच. पुढे निर्णय तुझा. अब्बांशी मी बोलेन.

अम्मी, अब्बा आणि नानीला माझा सलाम सांग. उलट टपाली पत्र पाठव.

तुझा,
भाईजान

शब्दार्थ
प्रबोधिनी – शिक्षण देणारी मोठी संस्था
भावी – पुढे होणारा
न्याहारी – सकाळचे खाणे, नाश्ता
कोनशिला – इमारतीच्या पायाचा पहिला दगड
सरहद्द – सीमा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) प्रबोधिनीतील मुख्य इमारतीचे नाव काय?
(आ) कवायत शिकवणाऱ्यांना काय म्हणतात?
२. शेजारच्या मुलाचे कोणते म्हणणे भाईजानला पटले? ते तुम्हांला पटते का? का?
३. वाक्यांत उपयोग करा : जिवात जीव येणे, कूस बदलणे, अंगवळणी पडणे.
४. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत असलेले पाच शब्द पाठातून शोधा.
५. छोटीने भाईजानला काय उत्तर लिहिले असेल? आठ-दहा ओळींचे पत्र लिहा.