वीण, हात आणि त्रैराशिक

लोकरीचें विणकाम शिकविणाऱ्या पुस्तकांत प्रत्येक नमुन्याच्या आरंभीं बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते: ‘२२ टाके व ३० ओळी मिळून ४ इंचांचा चौरस’, किंवा अशाच धर्तीची. पुष्कळ विद्यार्थिनी ती वाचीत नाहींत. वाचली तरी तिचा आपल्याशीं कांहीं संबंध नाहीं असें समजून थेट ‘९० टाके घालावे’ या वाक्याकडे वळतात. आमच्या मतें सबंध पुस्तकांत त्या ओळीइतकें महत्त्वाचें दुसरें वाक्य नसतें. तिची हेळसांड केली असतां काय होतें आणि झालेली चूक कशी सावरावी, हें आज आम्ही सांगणार आहों. हा लेख मुलींसाठींच आहे असें मानून मुलग्यांनीं पान उलटूं नये. यांत जें गणित आहे तें आपल्या नेहमींच्या त्रैराशिकाहून वेगळें नाहीं.

गेल्या वर्षीं नाताळापूर्वीं आमच्या शिवणवर्गांतील एका विद्यार्थिनीनें आपल्या धाकट्या भावासाठीं कार्डिगन विणावयास घेतलें. पाठीचा भाग व पुढचा उजवा भाग तिनें स्वतः विणला. इतक्यांत सहामाही परीक्षा आली. मुलगी अभ्यासाला बसे तेव्हां तिच्या आईनें, दिवसभराचीं कामें आटोपल्यावर, रात्रीं दिव्यापाशीं बसून पुढचा डावा भाग विणून काढला. तीच लोकर, त्याच ८ नंबरच्या सुया, तेंच पुस्तक. दोघींनींही मोजून ४६ टाके घातले होते आणि बगलेपर्यंत मोजून ९० ओळी विणल्या होत्या. तरी दोन्ही भाग एकावर एक ठेवून पाहतां डावा भाग पाऊण इंच अधिक रुंद आणि जवळजवळ दोन इंच अधिक लांब भरला.

मुलगी रडकुंडीस आली. “आई, तूं माझें सारें काम बिघडविलेंस,” असें ती बोलून गेली. आई त्यावर कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं दोन्ही भाग पिशवींत घालून ती शाळेंत आली आणि आम्हांला म्हणाली, “बाई, माझं कुठं चुकलं तेवढं सांगा. मी सगळं उसवून पुन्हा विणून देते.”

आम्हीं टाके मोजले, ओळी मोजल्या. एकही टाका चुकलेला नव्हता. चुकलें होतें तें एवढेंच कीं, दोन वेगळ्या हातांना एकच आकडा दिला होता.

त्या बारीक ओळींतील मापाला इंग्रजी पुस्तकांत ‘टेन्शन’ म्हणतात, अमेरिकन पुस्तकांत ‘गेज’. आपल्या रोजच्या बोलण्यांत टेन्शन म्हणजे काळजी. परंतु येथें अर्थ इतकाच कीं, विणतांना धागा किती घट्ट ओढला जातो आणि त्यामुळें एका इंचांत किती टाके बसतात. आपण त्याला विणीचा ताण म्हणूं. हा ताण तीन गोष्टींवर अवलंबून असतो: लोकरीची जाडी, सुईची जाडी आणि विणणाऱ्याचा हात. पहिल्या दोन दुकानांतून आणतां येतात. तिसरी ज्याची त्याला मिळालेली असते. पुस्तकांत छापलेले आकडे हे तो नमुना तयार करणाऱ्याच्या हाताचे आहेत. आपला हात त्याच्यासारखा असेलच असें नाहीं. इतकेंच काय, आपलाही हात घाईंत घट्ट होतो आणि गप्पांच्या भरांत सैल पडतो.

म्हणून काम आरंभण्यापूर्वीं एक लहानसा चौकोन विणून पाहावा. ४ इंच मोजावयाचे म्हणून ४ इंचांचाच विणूं नये, कारण कडेचे टाके ओढलेले असतात. ३४ टाके घालून निदान ६ इंच उंचीचा चौकोन विणावा, आणि वस्त्रांत जी वीण यावयाची तीच त्यांत घ्यावी. मग तो कोमट पाण्यांत साबणाच्या फेंसांत बुडवावा. चोळूं नये, पिळूं नये. स्वच्छ पाण्यांतून काढून टॉवेलांत दाबावा आणि सावलींत सपाट पसरून वाळूं द्यावा. धुतल्यावर लोकर फुलते, टाके आपापल्या जागीं बसतात आणि खरें माप मगच कळतें. सुकल्यावर मध्यभागीं लांकडी पट्टी ठेवून ४ इंचांच्या अंतरावर दोन टांचण्या टोंचाव्या व मधले टाके मोजावे. अर्धा टाका आला तर तोही धरावा. ओळींचें माप असेंच उभें घ्यावें. या खटाटोपांत एक दिवस जातो, म्हणून बहुतेकांना तो नकोसा वाटतो. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा लूकच्या शुभवर्तमानांतील दृष्टान्त आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. सुया हातीं घेतांना तो आठवावा.

त्या मायलेकींना आम्हीं एकेक चौकोन विणावयास सांगितला. मुलीच्या चौकोनांत ४ इंचांत २२ टाके व ३० ओळी भरल्या, म्हणजे पुस्तकाबरहुकूम. आईच्या चौकोनांत २० टाके व २६ ओळी भरल्या. ४ इंचांत दोन टाके, म्हणजे इंचाला अवघा अर्धा टाका. हा फरक क्षुल्लक दिसतो. पण त्याचा गुणाकार करून पाहा. कार्डिगनचा छातीचा घेर ३२ इंच हवा होता. इंचाला साडेपांच टाके या हिशेबानें पुस्तकानें त्यासाठीं, शिवणींत जाणारे टाके सोडून, १७६ टाके सांगितले होते. आईच्या हाताला इंचांत ५ टाके बसतात. तेव्हां तेच १७६ टाके तिनें विणले असते तर घेर ३५ इंचांवर गेला असता. उलट एखाद्या घट्ट हाताला इंचांत ६ टाके बसले तर घेर सव्वाएकोणतीस इंचांच्या आसपास राहील आणि बटणें लागणार नाहींत.

आतां उपाय. पहिला उपाय सुई बदलण्याचा. ४ इंचांत टाके कमी भरले तर वीण सैल आहे, म्हणून बारीक सुई घ्यावी. अधिक भरले तर वीण घट्ट आहे, म्हणून जाड सुई घ्यावी. येथें एक सावधगिरी ठेवावी. जुन्या इंग्रजी पद्धतींत नंबर वाढला कीं सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. अमेरिकन पद्धत याच्या उलट आहे. तेथें ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरांची असते. यासाठीं नंबरापेक्षां मिलिमीटर पाहावे, आणि सुई बदलल्यावर चौकोन पुन्हा विणावा.

आईनें हा उपाय करून पाहिला. ९ नंबरच्या सुयांवर तिचे २१ टाके भरले, १० नंबरवर २२. पण तितक्या बारीक सुयांची तिच्या बोटांना संवय नव्हती. वीण कोठें घट्ट, कोठें सैल होऊं लागली. बळेंच वळविलेला हात एकसारखा चालत नाहीं, आणि एकसारखी वीण हाच विणकामाचा खरा गुण आहे. म्हणून आम्हीं दुसरा उपाय सुचविला: हात जसा आहे तसा राहूं द्यावा आणि हिशेब बदलावा.

तो हिशेब असा. पुस्तकांतील टाक्यांची संख्या विसरावी व इंच तेवढे घ्यावे. इंचांना आपल्या टाक्यांनीं गुणावें, आणि शिवणीचे टाके मिळवावे. पाठ १६ इंच रुंद हवी असेल तर पुस्तकाच्या हातानें १६ गुणिले साडेपांच म्हणजे ८८, अधिक शिवणीचे २, मिळून ९०. आईच्या हातानें १६ गुणिले ५ म्हणजे ८०, अधिक २, मिळून ८२. खालचा काठ दोन सुलट, दोन उलट असा असेल तर टाक्यांना ४ नें भागून २ उरावे, म्हणजे दोन्ही कडा सारख्या दिसतात. ८२ मध्यें तें जमतें. न जमल्यास एकदोन टाके कमीजास्त करावे. तिसरा उपाय आळशाचा असला तरी चांगला आहे. एकाच नमुन्यांत लहानमोठीं अनेक मापें दिलेलीं असतात. आपला हात सैल असेल तर ज्या लहान मापाचे टाके आपल्या गुणाकाराशीं जुळतात तें माप घ्यावें. लांबी मात्र आपल्या मूळ मापाची ठेवावी.

ओळींकडे पुष्कळांचें लक्ष जात नाहीं. ‘१२ इंच होईपर्यंत विणावें’ असें लिहिलेलें असेल तर चिंता नाहीं. पट्टी लावावी व थांबावें. परंतु जेथें ओळी मोजून टाके वाढवावयाचे किंवा कमी करावयाचे असतात, तेथें नवा हिशेब हवाच. बाही हें त्याचें उत्तम उदाहरण होय, आणि आम्हीं त्या आईला दोन्ही बाह्या विणावयास सांगितल्या. पुढचा डावा भाग उसवून मुलीनें विणावा, म्हणजे अंगाचे तिन्ही भाग एका हाताचे होतील. बाह्यांची जोडी दुसऱ्या हाताची झाली तरी ती आपसांत जुळेल.

बाही मनगटाच्या काठावर ८ इंच रुंद असून १२ इंच लांबींत १२ इंच रुंद व्हावयाची होती. मुंढा सरळ असल्यानें वर गोलाईचा प्रश्न नव्हता. शिवणीचे टाके सोडून पुस्तकानें ४४ टाक्यांपासून ६६ पर्यंत जावयास सांगितलें होतें: दर आठव्या ओळींत दोन्ही कडांना एकेक टाका, असें ११ वेळां, म्हणजे ८८ ओळी. आईनें तसेंच केलें असतें तर ८८ ओळींची तिची बाही साडेतेरा इंच भरली असती आणि मुलाचीं बोटें तींत लपलीं असतीं. तिच्या हाताला इंचांत साडेसहा ओळी बसतात, म्हणून १२ इंचांना ७८ ओळी. टाके ४० पासून ६० पर्यंत, म्हणजे २० टाके वाढवावयाचे, दर वेळीं दोन, मिळून १० वेळां. पहिल्या सहा वेळां दर आठव्या ओळींत वाढ घेतली, त्या ४८ ओळी झाल्या. पुढील चार वेळां दर सहाव्या ओळींत घेतली, त्या २४ झाल्या. शेवटच्या ६ ओळी सरळ विणल्या. बेरीज ७८. हा हिशेब मुलीनें आपल्या गणिताच्या वहींत केला आणि आईला वाचून दाखविला.

उसवलेली लोकर कुरळी होते. तशीच विणल्यास वीण खडबडीत दिसते. तिची लड करून चार ठिकाणीं सैल बांधावी, कोमट पाण्यांत भिजवावी आणि खालीं थोडें वजन अडकवून वाळवावी, म्हणजे धागा पुन्हा सरळ होतो. डावा भाग त्याच लोकरीचा झाला.

नाताळाच्या उपासनेस तो मुलगा कार्डिगन घालून आला होता. बाह्यांची वीण अंगापेक्षां किंचित मऊ होती; तें हात लावल्याखेरीज कळत नसे. मुलीनें आम्हांला आपली वही दाखविली. तींत एका पानावर तिनें दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या: ‘माझा हात २२ व ३०. आईचा हात २० व २६.’ खालीं तारीख घातली होती.

प्रत्येक विद्यार्थिनीनें असें एक पान ठेवावें असें आम्हांला वाटतें. पालकांनींही तें पाहावें. दोन भावंडांना, किंवा वर्गांतील दोन मुलांना, एकच आकडा देऊन आपण त्यांची रुंदी मोजतों आणि एकाला दोष देतों. त्यापूर्वीं प्रत्येकाच्या हाताचा एक लहानसा चौकोन पाहून घेतला, तर पुष्कळ उसवणें वांचेल.