तोंडापर्यंत लाकूड

कला शाखेच्या विद्यार्थ्याला रायफलीवर लेख लिहिण्याचे काय कारण, असे आमच्या वर्गातील मित्रांनी मला विचारले. कारण साधे आहे. मी एन. सी. सी. मध्ये आहे, आणि गेल्या ऑगस्टमध्ये एका रायफलीने मला नेमबाजीच्या संघातून बाहेर ठेवले, असे मी बरेच दिवस सर्वांना सांगत होतो. ते कितपत खरे होते, हे शोधताना जे वाचले व पाहिले ते येथे मांडत आहे.

आमच्या हाती येणाऱ्या पॉइंट टू टू रायफली दोन प्रकारच्या आहेत. एक हलकी, तिच्या पुढच्या अर्ध्या भागात नळी उघडीच असते. दुसरी जुनी, लष्करी घाटाची. तिचे लाकूड खांद्यापासून थेट नळीच्या तोंडापर्यंत जाते. ही दुसरी मला पहिल्या दिवशीच आवडली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच आणि वडील सुतार. त्यामुळे लोखंडापेक्षा लाकडाकडे माझी नजर आधी गेली असावी.

आधी काडतुसाविषयी. मोठ्या रायफलीच्या काडतुसात स्फोटक मसाला बुडाच्या मध्यभागी एका छोट्या टोपीत असतो. रिमफायर काडतुसात तो बुडाच्या दुमडलेल्या काठात भरलेला असतो, व घोड्याची टोच त्या काठावरच बसते. पॅरिसच्या फ्लोबेर या कारागिराने १८४५ च्या सुमारास या कल्पनेला सुरुवात केली. १८५७ मध्ये अमेरिकेत .२२ शॉर्ट आले, आणि १८८७ मध्ये .२२ लाँग रायफल. हेच काडतूस आज जगभर चालते. गोळी चाळीस ग्रेनची, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅमची. धक्का जवळजवळ नाही, खर्च कमी. नवशिक्याला यापेक्षा चांगला गुरू नाही.

आता लाकडाकडे वळू. लष्करी रायफलीवर पूर्ण लाकूड आले त्याला कारण होते. लागोपाठ गोळ्या झाडल्यावर नळी तापते, हात भाजतो. शिवाय संगिनीच्या झटापटीत दोन्ही हातांनी रायफल धरावी लागते. शिकारी रायफलीची कथा वेगळी. ऑस्ट्रियातील श्टायर येथे १९०३ मध्ये मॅनलिखर-शोनाउअर ही आखूड रायफल निघाली. डोंगरात हरणामागे चढणाऱ्याला ती सोयीची होती. आखूड नळी आणि तोंडापर्यंत लाकूड हा तिचा घाट इतका गाजला की अशा दस्त्याला पुढे ‘मॅनलिखर दस्ता’ हेच नाव पडले. जर्मन भाषेत अशा रायफलीला ‘श्टुट्झेन’ म्हणतात. मग धाकट्या .२२ लाही तोच पोशाख चढला. झेक देशातील उहेर्स्की ब्रोद येथे ४५२ या मालिकेत अशी रायफल झाली. अमेरिकेत रुगर कंपनीने आपल्या १०/२२ ला हा दस्ता दिला.

येथे एक गंमत आहे. .२२ ने हात भाजत नाही आणि तिला संगीनही लागत नाही. म्हणजे ज्या कारणांसाठी हे लाकूड आले, त्यांपैकी एकही येथे उरत नाही. उरते ते रूप. पण रूपाला मी क्षुल्लक म्हणणार नाही. बटापासून निघालेली रेषा कोठेही न तुटता टोकाला पोहोचते, डाव्या हाताला कोठेही धरले तरी लाकूडच लागते, आणि नळीला ओरखडे पडत नाहीत. नळी आखूड असूनही गोळीचा वेग फारसा घटत नाही, कारण .२२ ची थोडीशी दारू साधारण सोळा-अठरा इंचांतच आपले काम संपवते. झाडीतून चालणाऱ्याला अशी रायफल सुखाची. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, तेव्हा हे सुख आपण वाचनातच घ्यावे.)

तोट्यांपैकी एक गणिताने कळतो. नळी आखूड झाली की मागची खाच आणि पुढची माशी जवळ येतात. त्यांच्यात पन्नास सेंटिमीटर अंतर असेल आणि माशी एक मिलिमीटर सरकली, तर पंचवीस मीटरवर चूक पन्नास मिलिमीटर होते. अंतर चाळीसच असेल तर साडेबासष्ट. दुर्बीण लावली की हा तोटा जातो.

दुसरा तोटा मात्र दुर्बिणीने जात नाही. तो मला आबांनी समजावला. ऑगस्टमध्ये माझ्या पाचही गोळ्या डावीकडे वर गेल्या होत्या. घरी येऊन मी रायफलीचा घाट कागदावर काढून दाखवला. आबा म्हणाले, “लाकूड मेलं तरी पाणी पितंय रं. पावसाळ्यात दार अडकतंय ते कशानं? फळी रुंदीत फुगती, लांबीत न्हाई. आन् एवढी लांब, बारीक पट्टी म्हंजे पिळणारच.”

पुस्तकात हेच अधिक शब्दांत आहे. गोळी सुटताना नळी थरथरते. ती दरवेळी सारखीच थरथरली तर गोळ्या एका जागी जातात. फुगलेले किंवा पिळलेले लाकूड नळीला एका बाजूने दाबू लागले की निशाण सरकते; हवा कोरडी झाली की पुन्हा सरकते. शिवाय लाकूड आणि नळी यांच्यामध्ये शिरलेले पाणी दिसत नाही, गंज मात्र धरतो. म्हणून स्पर्धेच्या रायफलीत नळी पुढे मोकळी सोडतात. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनचे जगज्जेतेपद मिळवले आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले, ते .२२ रिमफायरवरच. त्यांची छायाचित्रे पाहावीत : पुढच्या नळीला लाकूड शिवतही नाही.

आबांचे उत्तर घेऊन मी मोठ्या तोऱ्यात उस्तादांकडे गेलो. त्यांनी काही न बोलता तीच रायफल घेतली, आडवे झाले व पाच गोळ्या झाडल्या. त्यांच्याही गोळ्या डावीकडे वरच गेल्या. पण पाचही एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील अशा. माझ्या पाच वीतभर पसरल्या होत्या. निवड झुबक्याच्या आकारावर होती, जागेवर नव्हती.

जानेवारीत पुन्हा नेमबाजी झाली. मी मुद्दाम तीच रायफल मागून घेतली. हवा कोरडी होती. गोळ्या जवळजवळ मध्यावर आल्या. पसारा चार बोटांचा. कागद घरी नेला तेव्हा आबांनी रंधा खाली ठेवला, भोकांवर बोटे ठेवून अंतर मोजले आणि विचारले, “पुढची निवड कधी हाय?”

ती जुलैमध्ये आहे, म्हणजे ऐन पावसाळ्यात. रायफल मी तीच मागणार आहे.

— द्वितीय वर्ष, कला